आईचे पुसलेले निरोप

बँकेचे निरोप पुसता पुसता गेल्या श्रावणात मी फोनमधले आईचेही पुसले! ती संगमनेरहून मुंबईला मला लिही, "प्रवरेला पूर आलाय. काळजी नको." ती जाऊन तीन वर्षे झाली. निरोप तेवढे जपले होते.

चिरंजीव ओरडले, "बाबा, आधी फोन वापरणं थांबवा!" कारण मोठे गमतीचे आहे. पुसलेला निरोप तत्काळ नाहीसा होत नाही. त्याची जागा 'रिकामी' अशी नोंद तेवढी होते. तिथे नवा मजकूर येऊन बसला, की मात्र संपले. आयफोनवाल्यांना २०२२ पासून 'नुकतेच पुसलेले' असे खातेच मिळाले आहे. तिथे निरोप महिनाभर तरी राहतात. माझा फोन अँड्रॉइडचा, आणि बॅकअप मी कधी चालूच केला नव्हता. पैसे घेऊन सारे परत आणण्याची हमी देणारे पुष्कळ भेटतात. पण हल्लीच्या फोनमधला मजकूर सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतो. बॅकअपवाचून त्यांच्या हाती क्वचितच काही लागते.

सौ. म्हणाली, "अहो, निरोप धाडणाऱ्याकडेही राहतो ना?"

दुसऱ्याच दिवशी संगमनेर गाठले. आईचा बटणांचा फोन कपाटात होता. त्याचा चार्जर शोधण्यात अर्धा दिवस गेला. 'पाठवलेले' या खात्यात एकोणीस निरोप निघाले. बाकीचे तिनेच जागा करण्यासाठी पुसले असावेत. देवनागरीत एका निरोपात काना-मात्रा धरून ७० खुणा मावतात. आई तेवढ्यातच आटोपी.

रात्री आम्ही दोघांनी ते वहीत उतरवले. शाईने.