नागीण आणि शरीरातील पहारेकरी

कोणाच्या कमरेला नागीण उठली की आपल्याकडची वडीलधारी माणसे घाबरून म्हणत, "तिचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस जातो." ही समजूत खोटी आहे. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पसरते. मात्र पुरळ गेल्यावरही काहींची आग महिनोन्‌महिने राहते, हे दुखणे खरे. येथील डॉक्टर तिला 'शलबेकेत खोगेरेत' म्हणतात.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. रक्तातील टी-पेशी त्याला उठू देत नाहीत. वय वाढले, त्या दुबळ्या झाल्या, की तो जागा होतो. तीच नागीण.

टी-पेशी शूर खऱ्या, पण विषाणू नुसता समोर आला तर त्यांना तो ओळखता येत नाही. कोणीतरी दाखवावा लागतो. हे काम मुख्यतः फांद्याफांद्यांच्या डेन्ड्रिटिक पेशी करतात. त्वचेतील अशा पेशी पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये पाहिल्या, पण त्यांना त्या मज्जापेशी वाटल्या. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत डेन्ड्रिटिक पेशी ओळखल्या. स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, पण तीनच दिवस आधी ते वारले होते. तरी पारितोषिक कायम ठेवले गेले.

ही पेशी जंतूला गिळते, त्याचे बारीक तुकडे करते आणि ते एचएलए नावाच्या तबकात ठेवून आपल्या अंगावर मांडते. मग ती काखेतील, जांघेतील किंवा मानेतील गाठीकडे जाते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ती हीच गाठ. तेथे असंख्य टी-पेशी येत-जात असतात. प्रत्येकीला एका ठराविक आकाराचाच तुकडा जुळतो. जुळला आणि सोबत धोक्याची खूणही मिळाली, तरच ती टी-पेशी जागी होते आणि काही दिवसांत तिच्या हजारो बहिणी तयार होतात. त्यांतील काही आठवण म्हणून वर्षानुवर्षे राहतात.

टी-पेशी जेथे तयार होतात ती छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आकसत जाते. म्हातारपणी दाखवणाऱ्या पेशीही मंदावतात. म्हणून नागिणीच्या नव्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्याचे एकच प्रथिन असते, आणि जोडीला धोक्याची खूण मोठी करणारे द्रव्य. त्यातील एक भाग चिलीतील एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या पदार्थामुळे.

सत्तरीपुढील लोकांवरील चाचणीत या लसीने दहांपैकी सुमारे नऊ जणांची नागीण टाळली. मात्र डोस दोन घ्यावे लागतात, साधारणपणे दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. पहिल्या डोसानंतर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, म्हणून काहीजण दुसरा डोस टाळतात. तसे करू नये. ही कणकण बहुधा पहारेकरी कामाला लागल्याची खूण असते. पूर्वी नागीण होऊन गेलेल्यांनाही ही लस घेता येते. आपले वय आणि चालू औषधे सांगून कुपत खोलीममधील डॉक्टरांना जरूर विचारावे.