महिकावतीच्या बखरीतील ‘सहासष्ट’

वि. का. राजवाडे ह्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत उत्तर कोकणच्या एका राज्याची कथा आहे. प्रतापबिंब राजा दूर देशाहून सैन्यासह येतो, महिकावती येथे राज्य स्थापितो. पुढे स्वाऱ्या, फितुरी आणि राज्यनाश ह्यांची परंपरा सुरू होते. बखरीच्या जुन्या भागाचा कर्ता केशवाचार्य आपल्या लेखनास देवीचा दृष्टांत कारण सांगतो. अशा ग्रंथास इतिहास म्हणावे की अद्भुतकथा, हा प्रश्न जुनाच आहे. येथे त्यातील एका संख्येपुरताच विचार करावयाचा आहे.

राजाबरोबर सहासष्ट कुळे आली, असे परंपरा सांगते. आता ज्या बेटावर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे वसली आहेत, त्याचे नाव साष्टी. हे नाव ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, ह्यावरून आले. षट्षष्टीचे सासष्टी झाले, आणि लगतच्या दोन सकारांपैकी एकाचा लोप होऊन साष्टी हे रूप सिद्ध झाले. कुळांची व गावांची संख्या एकच असावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

मग मूळ कोणते? शिलाहार राजा अपरादित्याच्या ११८७ च्या परळ येथील शिलालेखात षट्षष्टी हे नाव आढळते. केशवाचार्याचे लेखन शके १३७० चे, म्हणजे इ. स. १४४८ चे आहे. शिवाय गोव्यातही सासष्टी आहे. तिचीही व्युत्पत्ती सहासष्ट गावांवरूनच देतात, आणि तेथे बिंबराजाचा काही संबंध नाही. तेव्हा संख्या आधी भूमीची होती व मागाहून ती कुळांस चिकटली, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

एवढ्यावरून सारी बखर कल्पित ठरत नाही. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला, त्या सुमारे १२६५ च्या युद्धाशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात, काही ती त्याहून जुनी मानतात. काळ कोणताही ठरो, ह्या किनाऱ्यावर सैनिक लढले व पडले, हे निर्विवाद. बखरीतील आकडा नाकारावा. पण त्यामागची माणसे नाकारू नयेत. नामांची परीक्षा केल्याने हा विवेक साधतो.