तास शून्य, हक्क शून्य नव्हेत

हॉटेल, केटरिंग, लग्नाची सजावट, नाताळची दुकानदारी अशा धंद्यांत उद्या किती गिऱ्हाईक येईल याचा भरवसा नसतो. ब्रिटनमधले अनेक छोटे व्यावसायिक त्यावर उपाय म्हणून झिरो-अवर करार करतात. त्यात मालक कामाच्या किमान तासांची हमी देत नाही. गरज लागली की बोलावतो आणि जेवढे तास काम होईल तेवढ्याचे पैसे देतो. आज तिथे दहा लाखांहून अधिक माणसे अशा करारावर आहेत. शिकायला गेलेली मराठी मुले कॅफेत किंवा गोदामात पहिली नोकरी धरतात ती अनेकदा हीच, आणि तिथे स्थिरावून डब्यांचा किंवा केटरिंगचा व्यवसाय काढणाऱ्या आपल्या माणसांनाही हाच करार सुचवला जातो. तो देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या मनात काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांचा फटका दोघांनाही बसतो.

गैरसमज : या करारावरच्या माणसाला कामाच्या तासांचे पैसे दिले की जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : किमान वेतनाचा कायदा त्यालाही लागू आहे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे आणि त्यापुढच्या कामगाराला ताशी १२.७१ पौंड द्यावे लागतात. वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा त्याच्या हक्काची आहे. तास अनियमित असतील तर केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के या हिशेबाने ती साठत जाते. म्हणजे किमान वेतनावरचा एक तास रजेसकट सुमारे १४.२४ पौंडांना पडतो. पे-स्लिप, सहा तासांहून लांब शिफ्टमध्ये २० मिनिटांची विश्रांती, भेदभावापासून संरक्षण हेही आलेच. पूर्वी आजारपणाचा वैधानिक पगार मिळण्यासाठी आठवड्याची ठरावीक कमाई लागायची आणि पहिले तीन दिवस कोरडे जायचे. एप्रिल २०२६ पासून या दोन्ही अटी गेल्या आहेत. स्वस्त मजूर मिळेल या आशेने हा करार निवडणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

गैरसमज : मालकाने बोलावले की यावेच लागते आणि दुसरीकडे काम करता येत नाही.

वस्तुस्थिती : दुसरीकडे काम करायला मनाई करणारे कलम २६ मे २०१५ पासून निरर्थक ठरले आहे. त्या कारणावरून कामगाराला काढले किंवा छळले, तर जानेवारी २०१६ पासून त्याला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. खऱ्या झिरो-अवर करारात शिफ्ट नाकारण्याची मोकळीकही असते. मालकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथेच. शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेले असताना तीन जणांना फोन केला आणि तिघांनीही ‘आज जमणार नाही’ म्हटले, तर त्यांची काहीच चूक नाही. हमी दिली नाही, तर बांधिलकी मागता येत नाही.

गैरसमज : कागदावर ‘झिरो-अवर’ लिहिले की वाद मिटला.

वस्तुस्थिती : न्यायालय प्रत्यक्ष व्यवहार बघते. गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या २०११ सालच्या ऑटोक्लेन्झ खटल्यात करारात लिहिले होते की कंपनी काम द्यायला बांधील नाही आणि कामगार यायला बांधील नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे बाजूला ठेवून रोजची वस्तुस्थिती पाहिली आणि निकाल कामगारांच्या बाजूने दिला. एखादी बाई वर्षभर सोमवार ते शुक्रवार ठरलेल्या वेळी येत असेल, तर तिच्या कागदावरचे शून्य फार काळ टिकत नाही.

गैरसमज : आमच्या धंद्याचा अंदाजच येत नाही, म्हणून दुसरा पर्याय नाही.

वस्तुस्थिती : मला हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. मागणी वरखाली होते म्हणून ती शून्यावर येते असे नाही. मागच्या बारा महिन्यांचा रोटा (पाळ्यांचे वेळापत्रक) आणि गल्ल्याच्या नोंदी समोर घेऊन बसले की बहुतेक मालकांना तळ दिसतो. समजा, एका कॅफेला सर्वांत मंदीच्या आठवड्यात मिळून ९० तासांची माणसे लागली आणि सर्वांत गर्दीच्या आठवड्यात १५० तासांची. मग त्यातले ९० तास अनिश्चित कसे? तिघांना आठवड्याला प्रत्येकी २४ तासांची हमी दिली तर ७२ तास पक्के होतात, आणि मंदीतही कोणाला बसून पगार द्यावा लागत नाही. वरच्या तासांसाठी आधी याच तिघांना विचारायचे, उरलेल्यांसाठी अधूनमधून येणारी माणसे ठेवायची. ज्यांचा धंदा ऋतूप्रमाणे हलतो त्यांच्यासाठी वर्षाचे एकूण तास ठरवून घेणारा करार आहे. उन्हाळ्यात जास्त तास, जानेवारीत कमी, पगार मात्र दरमहा सारखा. आठ आठवड्यांची लगबग असेल तर मुदतीचा करार करावा. हमी मिळालेला माणूस टिकतो, आणि नव्या माणसाला गिऱ्हाईक, यंत्र, स्वच्छतेचे नियम शिकवण्यात जाणारे दिवस वाचतात.

तरीही हा करार कोणालाच नको असतो, हेही खरे नाही. मॅकडोनाल्ड्सने २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या तासांचा पर्याय देऊ केला, तेव्हा आधीच्या चाचणीत सुमारे ८० टक्के लोकांनी लवचीक तासच पसंत केले होते. शिकणारी मुले, लहान मुलांच्या आया, निवृत्त माणसे यांना ते सोयीचे वाटू शकते. पण त्यांना निवड मिळाली होती, हा मुद्दा सोडून ही टक्केवारी सांगणे मला पटत नाही. घरभाडे दर महिन्याला ठरलेलेच असते. ज्याचे घर याच पगारावर चालते त्याच्यासाठी पुढच्या आठवड्याची कमाई माहीत नसणे हे स्वातंत्र्य नव्हे.

गैरसमज : नव्या कायद्याने हे करार बंद झाले.

वस्तुस्थिती : १८ डिसेंबर २०२५ रोजी राजसंमती मिळालेल्या ब्रिटनच्या रोजगार हक्क कायद्याने बंदी घातलेली नाही. जो माणूस नियमित काम करतो त्याला त्या कामाइतक्या तासांची हमी मालकाने देऊ करावी, शिफ्टची पुरेशी आधी कल्पना द्यावी आणि ऐनवेळी रद्द केल्यास भरपाई द्यावी, अशी त्याची दिशा आहे. देऊ केलेली हमी कामगार नाकारूही शकतो. या तरतुदी २०२७ मध्ये लागू करण्याचे सरकारचे नियोजन असून छोट्या धंद्यांना त्यातून सूट नाही. न्यूझीलंडने २०१६ मध्ये आणि आयर्लंडने २०१९ मध्ये अशा करारांवर निर्बंध घातले.

विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा इशारा. पदवीच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते, सोमवार ते रविवार मोजून आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास मिळून. या आठवड्याचे कमी तास पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाहीत. दोन ठिकाणी झिरो-अवर करार असले आणि दोन्हीकडून एकाच आठवड्यात बोलावणे आले की मर्यादा सहज ओलांडली जाते. त्याचा परिणाम थेट व्हिसावर होतो, आणि मालकालाही बेकायदा काम दिल्याबद्दल पहिल्याच वेळी माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा छोट्या व्यावसायिकाने हा करार करावा का? लग्नाच्या पंगती, जत्रेतला स्टॉल, कोणी आजारी पडल्यावरची बदली, अशा खरोखर तुटक कामासाठी जरूर करावा. दर आठवड्याला लागणाऱ्या माणसासाठी करू नये. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकॅस ही सार्वजनिक संस्था मालक आणि कामगार दोघांनाही फोनवर मोफत सल्ला देते. सही करण्याआधी तिथे जरूर विचारा.