परदेशी सून, परदेशी जावई आणि घरची कागदपत्रे

तुमसरच्या धान्यबाजारात किंवा भंडाऱ्यातील पितळी भांड्यांच्या पेढीवर ज्यांच्या तीन पिढ्या बसल्या, त्या घरांतील चौथी पिढी आता नागपूर-पुण्यापाशी थांबत नाही. म्युनिक, लंडन, न्यू जर्सी येथे नोकरी करणाऱ्या मुलाचा वा मुलीचा एके रात्री फोन येतो: जोडीदार निवडला आहे, तो तिथलाच आहे. घरात पहिली चर्चा निघते ती कांदा-लसणाची आणि रात्रिभोजनाची. ती चर्चा अनाठायी नाही. पण तिला पुढे सारे आयुष्य मिळते. कागदांच्या प्रश्नांना मात्र मुदती असतात, आणि त्यांकडे बहुधा सर्वांत शेवटी लक्ष जाते.

विदर्भाला हा प्रसंग अगदीच नवा नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी १९३६ मध्ये मेक्सिकोत राहत असताना जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतण्याची अनुमती खुद्द खानखोज्यांनाच प्रथम नाकारली गेली होती. पुढे ते नागपुरात येऊन राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. इंग्रजांशी लढलेल्या माणसालाही स्वतंत्र भारताच्या दारात कागदासाठी थांबावे लागले, ही गोष्ट आजच्या तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बहुतेक घरांची स्वाभाविक इच्छा अशी असते की, मुलाने सुटी काढून यावे, मंदिरात दर्शन घ्यावे, फेरे व्हावेत, समाजाचे जेवण व्हावे आणि मग प्रमाणपत्र घेऊन दोघांनी परत जावे. येथेच पहिली गफलत होते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ जैनांना लागू आहे. परंतु त्याखालील विवाहासाठी वर आणि वधू दोघेही हिंदू, बौद्ध, जैन वा शीख असावे लागतात. ख्रिस्ती व हिंदू यांचा मंदिरात झालेला आणि याच कायद्याखाली नोंदवलेलाही विवाह सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अवैध ठरवला. म्हणजे फेऱ्यांची छायाचित्रे आणि नोंदणीचा दाखला दोन्ही हाती असूनही विवाह टिकत नाही. जोडीदाराने जैन धर्म स्वीकारल्यास हा मार्ग खुला होतो, हे खरे. पण व्हिसाच्या घाईत आठवड्याभरात उरकलेल्या धर्मस्वीकाराने धर्माचाही मान राहत नाही आणि जोडीदाराचाही.

मग उरतो विशेष विवाह अधिनियम, १९५४. त्यात धर्माची अट नाही, परदेशी नागरिकत्वाचीही आडकाठी नाही. मात्र नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी आणखी तीस दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांच्या सुटीत भंडाऱ्यात हे होणे नाही. दोन महिन्यांची सोय होत असेल तरच हा विचार करावा. नोटिशीनंतर तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द होते. आणखी एक लहानशी गोष्ट: नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लागते, तेव्हा काका-मामांना बातमी तेथून कळण्याऐवजी घरातून आधी कळलेली बरी.

व्यापारी कुटुंबांनी या कायद्याचे कलम १९ अवश्य वाचावे. एकत्र कुटुंबातील जैन व्यक्तीने या कायद्याने जैन, हिंदू, बौद्ध वा शीख नसलेल्या व्यक्तीशी विवाह केला, तर ती त्या क्षणापासून एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते. याचा अर्थ हक्क गेला असा नव्हे. आपल्या हिश्श्यावरचा तिचा हक्क अबाधित राहतो. पण दुकान, गोदाम वा राईस मिल अविभक्त कुटुंबाच्या नावे असेल तर हिशेब बदलतो. वारसाहक्कही मग हिंदू उत्तराधिकार कायद्याने नव्हे, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. त्यानुसार मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर एक तृतीयांश पत्नीस आणि दोन तृतीयांश अपत्यांस मिळते; अपत्ये असता आईला काहीच मिळत नाही. हिंदू कायद्यात तीच आई पहिल्या वर्गातील वारस असते. साधे मृत्युपत्र हा पेच सोडवते, परंतु लग्नाच्या धामधुमीत मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ मानून तो राहून जातो.

म्हणून परदेशी राहणाऱ्यांना बहुधा तेथील कायद्यानेच विवाह करणे सोयीचे पडते. वर वा वधू भारतीय नागरिक असल्यास १९६९ च्या विदेशी विवाह अधिनियमाखाली भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोरही विवाह करता येतो, किंवा तेथील कायद्याने आधी झालेला विवाह नोंदवता येतो. भंडाऱ्यातील मंगलकार्य त्यानंतर निवांतपणे करावे.

व्हिसाचे नियम देशागणिक निराळे. अमेरिकेचा के-१ व्हिसा देशाबाहेर असलेल्या वाग्दत्त जोडीदारासाठी असतो आणि पोहोचल्यावर नव्वद दिवसांत विवाह करावा लागतो. तेथे आधीच कायदेशीर प्रवेश करून शिकत वा नोकरी करत असलेल्याने नागरिकाशी विवाह केल्यास देश न सोडता ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. विवाहास दोन वर्षे झाली नसतील तर पहिले कार्ड सशर्त, दोन वर्षांचे असते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी वार्षिक २९,००० पौंड किमान उत्पन्नाची अट आहे, आणि साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे लग्न करता येत नाही. जर्मनीत भारतातून जाणाऱ्या जोडीदाराला सहसा प्राथमिक जर्मन येत असल्याचा दाखला लागतो, शिवाय भारतीय कागदपत्रांची मूळ ठिकाणी पडताळणी होऊ शकते.

ही पडताळणीच जैन घरांना अडचणीची ठरते. नगरपरिषदेच्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नसते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव ‘जैन’, पासपोर्टवर गोत्राचे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षरांनी. एका मात्रेच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. विवाहाची बोलणी सुरू होताच जन्मदाखला, पासपोर्ट आणि अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र एकसारखे करून घेणे आणि जेथे तो चालतो त्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का मिळवणे, एवढे काम आई-वडील भंडाऱ्यात बसून करू शकतात.

उलट दिशेने, सून वा जावई इकडे येऊन राहणार असल्यास भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला ‘एक्स’ वर्गाचा प्रवेश व्हिसा मिळतो. विवाह नोंदवून सलग दोन वर्षे टिकल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेशाचे नागरिक यास अपात्र आहेत. घटस्फोट झाल्यास हे कार्ड रद्द होऊ शकते. भारतीय नागरिकत्वासाठी अर्जापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य लागते.

नातवंडाचा विषय मात्र लांबणीवर टाकू नये. परदेशात जन्मलेल्या मुलास भारतीय नागरिक ठेवायचे असेल, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आई-वडिलांना लिहून द्यावे लागते. बारशाचे आमंत्रण पाठवतानाच आजोबांनी ही तारीख विचारून घ्यावी.