चौकात विचारलेला प्रश्न

ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायचा म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात, "आपण विचारून काय होणार?" म्हणून आज तुम्हाला एक चौक दाखवायचा आहे. तो आहे दूर अमेरिकेत, शिकागोपासून सुमारे १८० किलोमीटरवरच्या फ्रीपोर्ट गावात. त्याचं नाव 'डिबेट स्क्वेअर', म्हणजे वादविवादाचा चौक.

तिथं दोन पूर्णाकृती पुतळे आहेत. एक उंचेपुरे अब्राहम लिंकन, दुसरे ठेंगणे स्टीफन डग्लस. लिली टोल्पो या शिल्पकार बाईंनी ते घडवले आणि १९९२ मध्ये ते तिथं बसले.

दिवस होता २७ ऑगस्ट १८५८. दोघांनाही इलिनॉय राज्यातून सिनेटवर जायचं होतं. सात गावांत सात सभा ठरल्या, त्यातली ही दुसरी. नियम असा, की पहिल्यानं एक तास बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, मग पुन्हा पहिल्यानं अर्धा तास. लाउडस्पीकर नव्हते. तरी ढगाळ, गार हवेत सुमारे १५ हजार माणसं ऐकत उभी होती.

वाद होता गुलामगिरीचा. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसांची खरेदी-विक्री चाले. आईपासून लेकरू तोडून विकलं जाई. आता पश्चिमेकडे नवी वस्ती होत होती. तिथं गुलाम ठेवू द्यायचे का? डग्लस म्हणत, ते तिथल्या लोकांनी ठरवावं. पण १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता, की अशा प्रदेशात गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही. मग लोक ठरवणार काय?

लिंकननी नेमकी हीच गाठ पकडली. त्यांनी विचारलं, राज्य होण्याआधी तिथल्या लोकांना कायद्यानं गुलामगिरी रोखता येते का? 'नाही' म्हणावं तर इलिनॉयचे लोक नाराज, 'हो' म्हणावं तर दक्षिणेतले. डग्लस म्हणाले, हो. स्थानिक कायद्यांचा आधार नसेल तर गुलामगिरी टिकणारच नाही.

सिनेटची जागा डग्लसनाच मिळाली. पण लघुलेखकांनी शब्द न् शब्द टिपला होता आणि वर्तमानपत्रांनी छापला होता. दक्षिणेतले लोक ते उत्तर विसरले नाहीत. १८६० मध्ये डग्लसांचा पक्ष फुटला, त्यामागचं हे एक कारण. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले. पुढं मोठं यादवी युद्ध झालं आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली.

लिंकनही काही सर्वांगानं समतावादी नव्हते. काळ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क देण्याच्या बाजूनं आपण नाही, असं त्यांनी चौथ्या सभेत सांगितलं होतं. तरीही गुलामगिरी संपल्याचं मोल महात्मा फुल्यांनी ओळखलं. १८७३ मधलं आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. त्या चौकात एक मोठी शिळा आहे. त्या वादाची आठवण राहावी म्हणून ती १९०२ मध्ये गावातल्या महिला मंडळानं उभारली. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. गंमत बघा, शिळा उभारणाऱ्या त्या बायकांना राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत नव्हतं! देशभरातल्या बायकांना तो हक्क १९२० मध्ये मिळाला.

आपल्याला मत आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असा कायदाही आहे. तेव्हा तिथंच बसून प्रश्न ठरवा. एकच ठरवा, पण असा, की त्याला 'बघू' म्हणून टाळता येणार नाही. "पाण्याचं काय?" असं मोघम नको. "आमच्या वस्तीची पाइपलाइन कोणत्या महिन्यात सुरू होणार, आणि त्यासाठी किती पैसे आलेत?" असं विचारा. कागदावर लिहून न्या. आणि उत्तर इतिवृत्तात लिहिलं गेलं का, ते सभा संपायच्या आत वाचून घ्या. हवेत विरलेलं उत्तर नंतर कुणालाच आठवत नाही.

पुढच्या ग्रामसभेत तुमचा प्रश्न कोणता, ते गटाच्या बैठकीत ठरवा बरं का.