अल्पखर्चाचा कपडेपट

गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात खऱ्या शालूंचा, भरजरी शेल्यांचा आणि उंची अत्तरांचा जो इतमाम मराठी रंगभूमीवर अवतरला, त्याची कीर्ती आजही सांगितली जाते. त्या इतमामाने मंडळीवर कर्जाचा केवढा बोजा चढवला, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेपुढे तो मोह नसतो, कारण तालमीच्या जागेचे भाडे, नेपथ्य आणि प्रवास यांची तजवीज झाल्यावर वेशभूषेच्या खात्यावर जी रक्कम उरते, तिच्यात ड्रेपरीवाल्याकडून एका राजाचा पोशाखही धड येत नाही.

अशा प्रसंगी सुईदोऱ्याच्या आधी कागद आणि पेन्सिल हाती घ्यावी. प्रवेशवार फर्द तयार करून कोणते पात्र केव्हा येते, केव्हा जाते, पुन्हा येईपर्यंत त्याला किती मिनिटे मिळतात आणि प्रेक्षकाने त्याच्याविषयी पहिल्या दृष्टिक्षेपात काय ओळखले पाहिजे, एवढे लिहून काढले, म्हणजे अर्धे वेश अनावश्यक ठरतात. पागोटे, उपरणे, दौत-कलमदान किंवा खांद्यावरचे घोंगडे यांपैकी एकाच वस्तूने जर माणूस उभा राहत असेल, तर उरलेला पोशाख साधा असला तरी बिघडत नाही. १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांग स्वतःच भिंत झाली, पडदा झाली आणि त्याच रांगेतून पात्रेही घडली, वेश न बदलता भूमिका बदलू शकते, याची यापरती साक्ष नको.

यादी आटोपशीर झाली की कपड्यांचा शोध सुरू होतो. सभासदांच्या घरच्या ट्रंका, आजीची नऊवारी, आजोबांचा बंद गळ्याचा कोट, जुना बाजार आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, हीच संस्थेची कोठारे होत. सहावारीच हाती असून नऊवारी हवी असेल, तर तशाच पोताचा तुकडा जोडून तो जोड निऱ्यांच्या आड दडवता येतो.

दूर बसलेला प्रेक्षक कापडाची किंमत पाहत नाही. त्याला रंग, आकार आणि झळाळी एवढेच दिसते, म्हणून नकली जरही त्याच्या दृष्टीने सोनेच ठरते. उलट कोरे पांढरे धोतर प्रखर प्रकाशात इतके चकाकते की नटाचा चेहराच फिका पडतो, यास्तव ते चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करण्याचा प्रघात आहे. मात्र हा रंग सुती कापडच नीट धरते, टेरिलीन धरीत नाही. हिरव्या प्रकाशात तांबडे वस्त्र काळपट दिसते, तेव्हा प्रयोगापूर्वी एकदा सारे कपडे दिव्यांखाली पाहावेत. धोतर आणि नऊवारी नेसण्याचा सराव तालमीपासूनच ठेवावा, कारण वस्त्राने चालही बदलते. आणि पेशवाईतल्या सरदाराच्या मनगटावरचे घड्याळ उतरवायला तर एक पैही लागत नाही.

उसन्या कपड्याला कात्री लावणे हा अपराध समजावा. सैल अंगरखा आतून कच्चा धावदोरा घालून आवळावा, झटपट वेशबदलासाठी बटणांऐवजी हूक लावायचे तर ते आपल्या मालकीच्याच कपड्यांना लावावेत, आणि कोणाकडून काय आणले याची नोंद वहीत तारीखवार ठेवावी. प्रयोग संपताच घामाने भिजलेले कपडे गाठोड्यात कोंबून न ठेवता धुऊन, उसवलेले शिवून, इस्त्री करून मालकाच्या दारी पोचते करणे हे वेशभूषाकाराचे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय. पैसा नसलेली संस्था पतीवर चालते. ज्या घरातून शालू एकदा सुखरूप परत गेला, त्या घरात पुढच्या वर्षी पैठणी मागण्याची सोय झालेली असते, आणि ज्या घरी शाईचा डाग पडून साडी परत गेली, तिथे पुन्हा रुमालही मिळत नाही.