रिकामं काउंटर कुणाचं?

बुलढाणा जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई असो की उमराहला निघालेलं खामगावचं कुटुंब, मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची, हीच अनेकांची वाट. परतल्यावर तक्रार ठरलेली: “इमिग्रेशनची निम्मी काउंटरं रिकामी होती. एवढे पैसे घेतात, पण विमानतळवाले चार माणसं वाढवत नाहीत!”

हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो वारंवार ऐकून वीट येतो. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला त्या खुर्चीत स्वतःचा माणूस बसवताच येत नाही. कंपनी जागा देते, काउंटर उभारते, रांगेचे पट्टे लावते. पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ब्यूरो ऑफ इमिग्रेशनचा. सुरक्षा तपासणी सीआयएसएफकडे आणि कस्टम्स अर्थ मंत्रालयाकडे. प्रवाशाला विमानतळ एकच दिसतो, पण रांगांचे मालक वेगवेगळे असतात.

ब्रिटनमध्येही तसंच आहे. डिसेंबर २०२२मध्ये तिथल्या बॉर्डर फोर्सचे कर्मचारी संपावर गेले, तेव्हा हीथ्रो आणि गॅटविकवर पासपोर्ट तपासायला सरकारनं लष्कराचे जवान बसवले. हे काम विमानतळ कंपनीच्या नोकरांकडे सोपवलं नाही.

मग खुर्च्या रिकाम्या का? साधा हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर एकच काउंटर अखंड चालू ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की चारहून जास्त. म्हणजे नवं काउंटर बांधणं सोपं, ते चालवायला मंजूर पदं आणि तयार अधिकारी मिळणं अवघड.

त्यात विमानं काही समान अंतरानं येत नाहीत. समजा, अर्ध्या तासात ३०० प्रवाशांची चार विमानं उतरली आणि माणशी दीड मिनिट लागलं. २० काउंटर सुरू असतील, तर शेवटच्या प्रवाशाचा नंबर दीड तासानं लागेल. ३० असतील तर तासाभरानं. यात कुणी टंगळमंगळ केलेली नाही. त्या दीड मिनिटात चेहरा, पासपोर्ट, व्हिसा आणि लुकआउट नोटीस, सगळं पाहावं लागतं.

“यंत्रं आली, आता माणसं कशाला?” हाही भ्रमच. ७ मे २०२४ रोजी ब्रिटनभरातले पासपोर्ट तपासणारे स्वयंचलित ई-गेट एकाच वेळी बंद पडले आणि प्रवासी तासन्‌तास खोळंबले.

आता किरकोळ गैरसमज. पासपोर्ट देणारं खातंच इमिग्रेशन करतं? नाही, पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालय देतं. जाताना डिपार्चर कार्ड भरावं लागतं? भारतीयांसाठी ते १ जुलै २०१७पासून बंद आहे. ईसीआर पासपोर्टवर आखाती देशांत जाताच येत नाही? आधी सरकारी मंजुरी घेण्याची अट फक्त नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. उमराहच्या यात्रेकरूला नाही. व्हिसा मिळाला की प्रवेश पक्का? अंतिम निर्णय त्या देशाच्या सीमेवरचा अधिकारी घेतो.

आणि एजंटाला पैसे दिले की रांग टळते? कुणीही एक रुपया देऊ नये. जून २०२४मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ योजना १६ जानेवारी २०२५पासून मुंबईतही आहे आणि भारतीयांसाठी ती मोफत आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, मंजुरी मिळाली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आईवडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलामुलींनी हा अर्जही त्याच वेळी भरून द्यावा. आणि रिकाम्या काउंटरची तक्रार करायचीच असेल, तर ती गृह मंत्रालयाकडे करावी. माणसं वाढवणं त्यांच्याच हातात आहे.